सूत्रातला दोष

जिजाचे अंगठे मला बाळंतपणाच्या खाटेवरच खटकले होते. रुंद, चपटे, बाहेरच्या बाजूला वळलेले. तिसरं वर्ष सरत आलं तरी पोरगी ‘आई’ म्हणेना, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, निकाल देऊन टाकला: मी पोटुशी असताना ग्रहणात कात्री चालवली. ऐन दिवाळीत ब्लाउज शिवणाऱ्या बाईने कात्री चालवायची नाही तर काय करायचं? पण अक्कांशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय!

आता पोटात दुसरं होतं. “दोष तुन्हाच निंघना ते हाई पोट ठेवानं नही,” अक्का धुळ्याकडच्या ठसक्यात बजावून मोकळ्या झाल्या. म्हणजे पाडायचं.

मुंबईहून महिन्यातून एकदा जळगावला येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. बाकावर माझं बूड टिकेना. उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. नवरा, कौतिक, मेहरूणच्या घरून निघाल्यापासून मोबाइलमध्ये डोकं खुपसून होता. त्याचाही मला रागच आला.

डॉक्टरांनी जिजाचे हातापायांचे अंगठे पाहिले, मग चेहरा न्याहाळला. मी शिवणकाम करते म्हटल्यावर म्हणाले, “शरीर घडवण्याच्या सगळ्या सूचना एका धाग्यावर असतात, आणि तो धागा रिळांवर घट्ट गुंडाळलेला असतो. एक प्रथिन ती गुंडाळी जागोजागी सैल करतं, तेव्हाच त्या सूचना वाचता येतात. हिच्यात ते प्रथिन पुरेसं बनत नाही. मेंदूला शिकायला तेच लागतं, आणि अंगठेही त्यामुळेच असे झालेत.”

“चूक कोणाची?”

“कोणाचीच नाही. दोष गुणसूत्रात आहे, आणि तो बहुतेकदा बाळातच नव्याने होतो; रक्त तपासून खात्री करू. ग्रहणाचा काही संबंध नाही.”

“आणि हे?” मी पोटावर हात ठेवला.

“पुन्हा तसं होण्याची शक्यता फार कमी.”

मला तिथेच रडू फुटलं.

घरी अक्का दारातच उभ्या. “काय सांगं डाक्टरनी?”

कौतिकने अर्धवटच सांगितलं, “सूत्रमा दोष शे.”

अक्का मटकन खाली बसल्या. माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघत म्हणाल्या, “ते ते मीच देयेल शे. मन्ही मायनं सोनं व्हतं.”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतके दिवस मी ऐकून घेतलं होतं, आता यांनाही बसू देत चटके. पण त्या धडपडत उठल्या आणि माझ्या गळ्यालाच हात घातला. “काढ ते, आते काढ!” नवरा समोर धडधाकट उभा असताना! कौतिक पांढराफटक पडला.

मी त्यांचे हात धरले. “अक्का, मंगळसूत्र नही, गुणसूत्र. ते आंगमा रहास. कोनाच दोष नही.”

“कोनाच नही?”

“कोनाच नही.”

“मंग इतला दिन मी तुले कसाले बोलनी?”

त्यांचे हात अजून माझ्याच हातात होते, आणि ते सोडावेत की धरून ठेवावेत, हे मला कळेना.