बायकांच्या वतीने उत्तर

आमच्या खोऱ्यात दरवर्षी आमच्या देशाच्या थोर कवीच्या वाढदिवसाचे जेवण गावच्या सभागृहात होई. जानेवारीचा शेवट, बाहेर शेतांवर बर्फ आणि आत ओल्या लोकरी कोटांचा, उकडलेल्या सलगमांचा वास. बॅगपाइपच्या सुरांत हॅगिसचे, म्हणजे मेंढीच्या कोथळ्यात शिजवलेल्या काळीज-ओटच्या गोळ्याचे, ताट मिरवत यायचे. मास्तर लोगन त्याला उद्देशून लिहिलेली कवीची कविता म्हणत म्हणत त्यात सुरी खुपसायचे. वाफ उठली की टाळ्या. त्या काळी वाढायला उभ्या असणाऱ्या बायकांपैकी आता मी एकटीच उरले आहे.

जेवण झाले, कवीच्या स्मृतीला उभे राहून पेला उचलला, की सगळे सावरून बसायचे. कारण मग एक पुरुष उठून बायकांची यथेच्छ टिंगल करी आणि शेवटी त्यांच्या नावाने पेला उंचावी. त्यावर एक बाई उठून त्याची सव्याज परतफेड करी. तिथे बोललेल्याचा राग धरायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल कोणी विचारायचे नाही, असा दंडक होता.

ते उत्तर माझ्याकडे आले त्या वर्षी टिंगल गॅव्हिनकडे होती.

गॅव्हिनचे शेत आमच्या शेताला लागून. कॅनडात त्याच्या काकाची गव्हाची जमीन होती. “लग्न करून तिकडे जाऊ या का?” असे त्याने मला दोनदा विचारले होते, आणि दोन्ही वेळा मी “आईचं काय?” म्हणून टाळले होते. संधिवाताने आईची बोटे वाकडी झाली होती. तिला वेणीसुद्धा घालता येत नसे.

जेवणाच्या आठवड्यात टीब मावशी स्टर्लिंगहून आली आणि तिने आईला कायमची स्वतःकडे न्यायचे ठरवले. मी रडायला लागले तर आईच चिडली. “मी काय तुझ्या गळ्यातलं लोढणं आहे? त्या पोराला हो म्हण आणि सूट एकदाची.”

मी गॅव्हिनला शोधत दोनदा त्याच्या शेतावर गेले. तो एअर गावच्या बाजाराला गेला होता. खरे तर बोलणारे दोघे आधी भेटून आपापल्या कोट्या जुळवून घेत. त्याने मात्र निरोप धाडला, “यंदा न भेटताच बोलू, जास्त गंमत येईल.” मग मीही ठरवले, उत्तराचे शेवटचे वाक्य त्याच्यासाठीच ठेवायचे: ‘आणि तरीही त्याने तिसऱ्यांदा विचारलं, तर माझं उत्तर हो आहे.’

गॅव्हिन उठला. “मंडळी, आपल्याकडच्या पोरींना विचारून बघा, लग्न करतेस का? उत्तर येतं, मेंढ्या विऊ देत. मेंढ्या वितात. आता? गवत कापून होऊ दे. गवत कापून होतं. आता? थांब, आईला विचारते!”

सभागृह हसून लोळले. मावशीने मला कोपर मारले. “तुझीच खोडी काढतोय गं!” मीही हसले. मला तर आनंदच झाला होता.

“म्हणून म्हणतो,” तो पुढे म्हणाला, “माणसानं एअरला जावं. तिथं चहाच्या दुकानात नेटा म्हणून मुलगी आहे. मी विचारलं, आणि चहा निवायच्या आत ती हो म्हणाली. वसंतात आम्ही दोघं कॅनडाला निघालो!”

“चहात काय घातलं होतंस रे?” मागून कोणीतरी ओरडले.

“साखर जास्त, लाज कमी!” दुसऱ्याने उत्तर दिले.

गॅव्हिन थट्टा करी ती समोरच्याच्या डोळ्यांत बघून. त्या वेळी तो टेबलावरच्या मिठाच्या भांड्याकडे बघत होता. मला कळले. बाकी कोणालाच कळले नाही. त्याने बायकांच्या नावाने पेला उंचावला आणि मास्तरांनी माझे नाव पुकारले.

मी उभी राहिले. “गॅव्हिननं कोणाला तरी चहा पाजला, हे ऐकून आम्हा बायकांना भरून आलं. आजवर त्याचा हात स्वतःच्या पेल्यापलीकडे गेलेला आम्ही पाहिला नव्हता. नेटाबाईंना एवढंच सांगते, त्याला मेंढ्यांचं सगळं कळतं, पण आठवड्याच्या आंघोळीचा शनिवार कळत नाही.” मास्तर लोगन डोळे पुसत होते. एवढे हसताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. आणखी पुष्कळ बोलले. काय ते आठवत नाही. मग ते वाक्य ओठांवर आले. मी पाण्याचा घोट घेतला.

“पुरुषांच्या नावानं,” म्हणाले आणि पेला उचलला.

शेवटी निरोपाच्या गाण्याला सगळे हात धरून गोल उभे राहिले. आम्ही दोघे वक्ते, म्हणून शेजारी. माझ्या उजवीकडे मावशी, डावीकडे गॅव्हिन, त्याच्या पलीकडे मास्तरांची बायको, लोगनबाई.

“बेथिया,” तो पुढे बघतच पुटपुटला, “ते खरं आहे.”

“माहीत आहे.”

“घरी येऊन सांगायचा धीर झाला नाही. इथं कोणी रागवत नाही ना.”

“नाही रागवत.”

“तू तरी कुठं येणार होतीस? तुझी आई...”

मावशीच्या कानावर तेवढेच पडले. ती माझ्यापुढून वाकून म्हणाली, “आईचं काय घेऊन बसलास, खुळ्या! ती चालली माझ्याकडे. हिनं सांगितलं नाही अजून? थट्टा पुरे, आता नीट विचार हिला.”

गॅव्हिनने माझ्याकडे पाहिले. मी समोर गात असलेल्या लोकांकडे पाहत राहिले.

शेवटचे कडवे आले. या कडव्याला हात सोडून, छातीवर आडवे घेऊन, उजव्याने डावीकडच्याचा आणि डाव्याने उजवीकडच्याचा हात पुन्हा धरायचा असतो. सगळ्यांनी घेतले. गॅव्हिन तसाच उभा. माझा हात त्याने इतका घट्ट धरला होता की गोल तिथेच अडकला.

“अरे हात, गॅव्हिन, हात!” लोक हसत ओरडले. “एवढ्यात चढली काय?”

मी त्याची बोटे सोडवली. त्याचा उजवा हात त्याच्या छातीवरून पलीकडे नेऊन लोगनबाईंच्या हातात दिला. मग रिवाजाप्रमाणे त्याचा डावा हात धरला आणि सगळ्यांबरोबर कडवे शेवटपर्यंत म्हटले.