अंगारा काही विचारत नाही

१९९८ साली, घोटीजवळच्या आमच्या गावात दर गुरुवारी मल्हारीबाबाच्या मठापुढे चपलांचा ढीग पडायचा. चिमूटभर अंगारा मधातून चाटला की तीन दिवसांत खोकला-ताप पळाला म्हणून समजा. खोटं कशाला सांगू, पुष्कळांचा पळायचाही.

"सुई नाय, चिठ्ठी नाय. देव कुणाला काय विचारतो का?" असं बाबा डोळे मिटून म्हणायचा.

हा टोमणा मला होता. मी सरकारी दवाखान्यातली नर्स. इंजेक्शन देण्याआधी मी प्रत्येकाला विचारायचे, पूर्वी कुठल्या औषधानं अंगावर उठलं होतं का? मग हातावर थेंबभर टोचून अर्धा तास बसवून ठेवायचे. लोक वैतागायचे आणि बाबाकडे जायचे.

एका गुरुवारी भागुबाईनं आपल्या सुनेला, छायाला, मठातून थेट माझ्याकडे आणलं. ओठ सुजलेले, अंगभर खाजऱ्या गांधी उठलेल्या, श्वास अडकत होता. मागोमाग बाबा आला, अर्धा गाव घेऊन.

"हिनं मनात शंका आणली. देवीचा कोप हाय. मठात आणा, उतारा करतो."

मी दार अडवलं. "ती इथून हलणार नाही," म्हटलं आणि तिच्या मांडीत ॲड्रेनलिन टोचलं. डॉक्टरही धावत आले. तिचा श्वास मोकळा होईपर्यंत मी पुरती घाबरले होते.

या गांधी माझ्या ओळखीच्या होत्या. दोन वर्षांपूर्वी पेनिसिलीनच्या चाचणीच्या थेंबानं हिच्याच हातावर त्या उठल्या होत्या. हे औषध हिला चालत नाही, अशी लाल शाईची चिठ्ठीही मी दिली होती. ती कुठे आहे, विचारलं.

"देव्हाऱ्यात," छाया पुटपुटली. "अंगाऱ्याला कसली चिठ्ठी दाखवायची, सिस्टर?"

मी बाबाला सगळ्यांदेखत विचारलं, अंगाऱ्यात काय घालतोस? तो म्हणाला, नुसती धुनीची राख. तेव्हा भागुबाईनं बटव्यातून एक लाल-काळं टरफल काढलं. मठ तीच झाडायची. असली टरफलं धुनीमागं रोज सापडायची आणि बाबा त्यांना देवीच्या बिया म्हणायचा. त्यातलं एक तिनं जपून ठेवलं होतं.

मी कपाटातली ॲम्पिसिलीनची कॅप्सूल त्या टरफलाशेजारी ठेवली. पेनिसिलीनच्याच घराण्यातलं औषध. दोन्ही हुबेहूब सारखी, फक्त बाबाचं पोकळ. आतली पूड राखेत गेली होती. ताप औषधानं उतरत होता, नाव देवीचं होत होतं. बाबा दाराकडे सरकला. लोकांनी त्याला डॉक्टरांसमोर बसवून ठेवलं, पोलीस येईपर्यंत.

औषध देणारा तुम्हाला काही विचारत नसेल, तर तुम्ही त्याला विचारा. देव यानं रागावत नाही. रागावलाच, तर तो देव नव्हे, दुकानदार.

संध्याकाळी मी छायापुढे गोळी धरली. तिनं हात मागे घेतला.

"आधी सांगा, यात काय हाय?"

मी नाव सांगितलं. मगच तिनं पाणी मागितलं.