अनेकवचन

मला कानडी येते, असे मी डॉक्टर देवस्थळींना सांगितले ते १९३२ च्या पौषात. ते अगदीच खोटे नव्हते. सोलापुरातल्या एका शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो होतो आणि मधल्या काळात एक कानडी व्याकरण दोनदा वाचले होते. प्रत्यय पाठ होते. मात्र खरोखरीचा कानडी माणूस समोरून आला की मी रस्ता ओलांडून पलीकडे जात असे.

शरच्चंद्र देवस्थळी तिशीचे होते. अक्कलकोटच्या दक्षिणेला माळावरच्या कानडी मेंढपाळांत हिवाळ्यात एक ताप येई. पाच-सहा दिवस चढे, एकदम उतरे, आठवड्याने पुन्हा उलटे. दुसऱ्या खेपेला माणूस दगावे. वरिष्ठांचे म्हणणे, हा ताप उवांमुळे येतो. डॉक्टरांना गोचिडीचा संशय होता. मेंढीच्या कानाला चिकटून राहते ती नव्हे. बिळात, धुळीत दडणारी, झोपलेल्या माणसाला चावून परत धुळीत जाणारी. तिच्या शोधात ते तीन हिवाळे उंदरांच्या बिळांपाशी पिंजरे लावत होते. सापडलेल्या उंदराला क्लोरोफॉर्म द्यायचा, पांढऱ्या कापडावर धरून विंचरायचे, पडेल ते चिमट्याने स्पिरिटच्या शिशीत टाकायचे. पिसवा पुष्कळ मिळत. हवी ती गोचीड मिळत नव्हती.

शिशीवर चिठ्ठी लावणे, नोंदवही लिहिणे आणि मेंढपाळांशी बोलणे माझ्याकडे होते. पिंजरे आणि बैलगाडी ज्ञानबाकडे. तो बार्शीकडचा, त्याला कानडीचा गंध नव्हता, म्हणून माझे निभत होते.

माघात आम्ही ईरप्पाच्या वाड्यावर, म्हणजे त्याच्या मेंढ्यांच्या कोंडवाड्यावर, दोन दिवस मुक्कामाला गेलो. आदल्या हिवाळ्यात ईरप्पाचा धाकटा भाऊ त्याच तापाने गेला होता. वारा बोचरा होता. वाड्याच्या कोपऱ्यात जुनी दगडी खोली रिकामी होती.

"मास्तर, त्या बाईंना विचारा, खोलीत झोपलं तर चालेल का?" डॉक्टर म्हणाले.

ईरप्पा मेंढ्या घेऊन गेला होता. त्याची बायको शिवम्मा कोकराला पाजत बसली होती. मी पुस्तकातले वाक्य जुळवून विचारले. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग हात हलवून म्हणाली, "अल्ली उण्णी भाळ अदाव री."

अल्ली म्हणजे तेथे. भाळ म्हणजे पुष्कळ. उण्णी हा शब्द मला अडला, पण लगेच संस्कृतातली ऊर्णा आठवली आणि मला फार आनंद झाला.

"तिथं लोकर पुष्कळ आहे म्हणते."

"लोकर? मग तर ऊबच!" डॉक्टर हसले.

ते दोन्ही रात्री त्या खोलीत झोपले. ज्ञानबा गाडीखाली, आणि मी दम्यामुळे ईरप्पाच्या छपरात. लोकर मला खोलीत कुठे दिसली नाही. विकली असेल, असे मी मनाशी म्हटले. शिवम्मा सकाळी काहीतरी बोलत होती. मी मान हलवली.

अक्कलकोटच्या बिऱ्हाडी परतल्यावर आठव्या दिवशी डॉक्टरांना थंडी वाजून ताप भरला.

"मलेरिया. दर वर्षी येतो मला," असे म्हणून त्यांनी क्विनीन घेतले. "तुम्ही दोघं पिंजरे तेवढे बघून या."

आम्ही ईरप्पाकडे गेलो. शिवम्मा एका मेंढीचा कान धरून बसली होती. तिने कानातून काहीतरी उपटले, दगडावर ठेवले आणि दुसऱ्या दगडाने चिरडले. रक्ताचा ठिपका उरला.

"हे काय?" मी मराठीतच विचारून गेलो.

"उण्णी," ती म्हणाली. मग मोडक्या मराठीत, "थोरलं साहेब झोपलं की तितं. मी सांगितलं न्हवं तुमाला? तितलं दिसत न्हाई. मातीत ऱ्हातंय. दीर तितंच झोपत व्हता."

मी गाडीच्या चाकाला धरून उभा राहिलो. लोकर असती तर ती 'अद', म्हणजे आहे, असे म्हणाली असती. ती 'अदाव', म्हणजे आहेत, असे म्हणाली होती. अनेकवचन. क्रियापदाचे वचन चुकले म्हणून मी तीस वर्षे मुलांना बाकावर उभे केले, आणि समोरच्या बाईने धडधडीत अनेकवचन वापरले ते मला ऐकू आले नव्हते.

परतीचे तीन कोस ज्ञानबा बडबडत होता. "मास्तर, तोंड का असं? उंदराला घातल्याला क्लोरोफॉर्म तुमीच हुंगला जनू!"

मी हसलो नाही. सांगायचे तर काय सांगायचे? एक शब्द चुकला एवढेच? मग बाकीच्या शब्दांचे काय? दीड महिन्याची नोंदवही माझ्या कानडीवर उभी होती. आणि न सांगावे, तर ते क्विनीन घेत पडून राहणार. त्या तापावर सोलापूरच्या इस्पितळात सुई मिळत होती, पण ती वेळेवर टोचली तर. कदाचित मलेरियाच असेल. त्यांना चावलेच नसेल. मी एका बाजूने असे म्हणत होतो आणि दुसऱ्या बाजूने दिवस मोजत होतो. आठवा दिवस. चावल्यावर आठवड्याने ताप चढतो, या डॉक्टरांच्या हिशेबात अगदी बसत होता.

डॉक्टर भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळे लाल, ओठ सुकलेले.

"काही मिळालं का?"

"सात उंदीर," मी म्हणालो. तोंडातून एवढेच निघाले. मी बाहेर ओसरीवर येऊन चिठ्ठ्या लिहीत बसलो. त्यातल्या दोन चुकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मला ओळखेनात. मला 'दादा' म्हणून हाक मारून पाणी मागितले. तो त्यांचा वारलेला भाऊ, हे ज्ञानबाने सांगितले. अर्ध्या तासाने ते शुद्धीवर आले. मी खाटेजवळ उभा राहिलो आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसे म्हणालो,

"डॉक्टरसाहेब, उण्णी म्हणजे लोकर नव्हे. उण्णी म्हणजे गोचीड. त्या खोलीत गोचिडी पुष्कळ आहेत, असं ती बाई म्हणाली होती. मला बोलण्यातली कानडी येत नाही."

त्यांनी पाय पांघरुणाबाहेर काढला. घोट्यापाशी चार-पाच लालसर डाग होते.

"मी समजलो ढेकूण," ते पुटपुटले. "मास्तर, मायक्रोस्कोप उघडा."

त्यांनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, नळी खाली-वर केली. ज्ञानबाने त्यांना पाठीमागून धरले होते. पुष्कळ वेळाने त्यांनी मला बोलावले.

"बघा. तांबड्या पेशींच्या मधून काहीतरी वळवळतंय, मलेरियात असं नसतं. दिसतं?"

मी डोळा लावला. तांबूस धुके होते, माझ्याच पापण्यांचे केस होते.

हो म्हणण्याची मला सवय होती. ते तोंडावर आलेही होते.

"नाही दिसत," मी म्हणालो.

"मग बघत राहा."

मी बघत राहिलो. धुक्याचे गोल दाणे झाले. एक दाणा हलला, आणि त्याला ढकलून मळसूत्रासारखे बारीक काहीतरी सरकत गेले.

"दिसलं," मी म्हणालो, आणि मला रडू आले.

ज्ञानबाने बैल असे पळवले की मी गाडीत दोनदा पडलो. अक्कलकोट रोड स्टेशनवर संध्याकाळची गाडी मिळाली. सोलापुरात त्याच दिवशी सुई दिली. ताप उतरला. मी आठवडाभर इस्पितळाच्या बाकावर बसून तो उलटण्याची वाट पाहिली. उलटला नाही.

त्या खोलीतल्या गोचिडीनेच हे झाले का, हे डॉक्टरांनी कधी ठामपणे सांगितले नाही. "त्याआधी कधी रेल्वेत एखादी ऊ लागली असेल, मास्तर. एका माणसावरून काही ठरत नाही." हे त्यांनी शास्त्र म्हणून सांगितले की माझ्यासाठी, ते मला आजही कळलेले नाही. नोंदवही मात्र त्यांनी माझ्या हातात ठेवली. लोकर हा शब्द तीत अकरा ठिकाणी होता.

"पुन्हा विचारून या," ते म्हणाले. "कळलं नाही तर 'कळलं नाही' लिहा."

फाल्गुनात मी एकटा ईरप्पाच्या वाड्यावर गेलो. शिवम्माने नोंदवही पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि दोन्ही मुठी पुढे केल्या. एकीत मेंढीच्या कानातून काढलेली गोचीड होती, दुसरीत लोकरीचा पुंजका.

"उण्णी," तिने डावी मूठ उघडली. "उण्णे," उजवी.

"उण्णे," मी गोचिडीकडे बघून म्हणालो.

"न्हाई की हो मास्तर!" ती ईरप्पाकडे वळून खदखदून हसली, आणि मुठी मिटून घेतल्या. "परत."