न चाखलेली वाटी

महेश्वरीने शनिवारी रात्री आठ वाजता दही फडक्यात बांधून स्वयंपाकघरातल्या नळाला टांगलं. रविवारी सकाळी गाठ सोडली तेव्हा अर्ध्या किलोच्या वर चक्का निघाला. चांगला घट्ट होता. एप्रिलचा तिसरा आठवडा होता आणि सोलापुरात पारा बेचाळिसावर गेला होता. अशा हवेत दह्याचं रात्रभर काय होतं, याचा विचार तिने केला नाही. डोक्यात दुसरी गोष्ट होती.

दोन वर्षं ती मैत्रिणीच्या, सुकन्याच्या, घरी थंड गोड पदार्थांचा क्लास घेत होती. सुकन्याच्या नवऱ्याची लातूरला बदली झाली आणि एक मेपासून ते घर बंद होणार होतं. मे महिन्यासाठी सहा बायकांनी नावं दिली होती. आता क्लास भरवायला एकच जागा उरली होती, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमधलं तिचं स्वतःचं स्वयंपाकघर. ते तिचं आहे असं बिल्डरच्या कागदावर होतं. एरवी ते सासूबाईंचं होतं.

सासूबाई म्हणजे गुरम्मा. लग्न होऊन अक्कलकोटकडून सोलापुरात आल्या त्याला एक्केचाळीस वर्षं झाली होती. त्यांच्या स्वयंपाकघरात जे होईल ते आधी गळ्यातल्या इष्टलिंगाला नैवेद्य म्हणून दाखवायचं, मग माणसांनी खायचं. तोवर जिभेला काही लावायचं नाही, मीठ बघायलासुद्धा नाही. वासावरून, रंगावरून, पळीला लागणाऱ्या जोरावरून त्यांना आमटी कळायची. एक्केचाळीस वर्षांत ती दोनदा खारट झाली, आणि दोन्ही वेळा मीठ दुसऱ्याच कुणीतरी टाकलं होतं, असं त्या सांगत.

गुरुवारी जेवताना महेश्वरीने विषय काढला होता.

"सहा बायका हितं येऊन काय करणार?" गुरम्मांनी विचारलं.

"शिकणार, अव्वा. पहिल्या दिवशी फळांचं तिरामिसू. ओव्हन नाही, गॅससुद्धा नाही. थर लावायचे आणि फ्रिजात ठेवायचं."

"शिजवायचं न्हाय?"

"नाही."

"मग शिकायचं काय त्यात?"

महेश्वरीच्या नवऱ्याचं, शरणबसवचं, दुपारचं जेवण चाललं होतं. नवी पेठेतलं कापडाचं दुकान तो दीड तास बंद ठेवून यायचा. "नाव शिकायचं," तो म्हणाला. "ति-रा-मि-सू. मला तीन दिवस लागले."

गुरम्मा हसल्या नाहीत. "अंडं?"

"अजिबात नाही. बिस्किटांऐवजी आपले टोस्ट घेते. बेकरीवाल्याला दोनदा विचारलंय."

"आन् दारू? त्यात असती म्हनं. टीव्हीवर बघितलंय मी."

"मोसंबीचा रस घालते."

गुरम्मांनी भाकरीचा शेवटचा तुकडा ताटावरून फिरवला. ताटात पाणी ओतलं, बोटांनी फिरवलं आणि पिऊन टाकलं. वाढलेला कण वाया जाऊ द्यायचा नाही आणि पानातल्या प्रसादाला नाव ठेवायचं नाही, हे दोन नियम त्यांनी कधी कुणाला तोंडाने सांगितले नव्हते. रोज दोनदा घरादारासमोर पाळले होते.

"सोमवारी देवाला दाखव," त्या उठता उठता म्हणाल्या. "माज्या देवाला चाललं तर बायकास्नी बी चालंल. न्हाय तर दुसरीकडं बघ."

दुसरीकडे काही नव्हतं. हे तिघांनाही माहीत होतं.

रविवारी दुपारी चार वाजता महेश्वरीने सगळं ओट्यावर मांडलं. हंगामातली शेवटची द्राक्षं उभी चिरली. दोन आंब्यांच्या फोडी केल्या. एका डाळिंबाचे दाणे सोडवले. मोसंबीचा रस गाळून पसरट ताटलीत ओतला. चक्का पुरणयंत्रातून काढला, क्रीम बर्फावर ठेवून फेटलं, त्यात चक्का आणि अर्धी वाटी पिठीसाखर हलक्या हाताने मिसळली. हॉलमध्ये गुरम्मा शेंगा फोडत बसल्या होत्या. टरफलांचा आवाज एका लयीत येत होता.

तिने टोस्ट रसात एकेका बाजूने बुडवून काचेच्या डब्यात ओळीने लावले. त्यावर चक्क्याचा पहिला थर पसरला. फळं घालायला हात पुढे केला आणि फोन वाजला. मागच्या क्लासमधली ऋतुजा होती. महेश्वरीने कोपराने फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमच्या वहीत साखर चवीनुसार लिहिलंय. म्हणजे किती चमचे ते सांगा की. आमच्याकडं पाहुणे बसलेत."

"तसं चमच्यांत नाही सांगता येत. चक्का किती आंबट त्यावर आहे. आधी अर्धी वाटी घाल, मग बोटाला लावून बघ..."

आणि तिचं बोट तोंडात होतं.

क्लासमध्ये ती दर वेळी हेच करायची. पातेल्यात बोट, बोट तोंडात, मग साखर. सुकन्याच्या घरी त्याला कुणाची हरकत नव्हती. या ओट्याशी उभी राहून ती आजवर कधी क्लासमधलं बोलली नव्हती. बोलणं आलं आणि त्याच्यामागून हातही आला.

"मॅडम? हॅलो?"

"नंतर करते," महेश्वरी म्हणाली आणि फोन बंद केला.

हॉलमध्ये शेंगा फुटत होत्या. कुणी पाहिलं नव्हतं. जिभेवर दोन गोष्टी एकदम आल्या होत्या. पहिली, पातेलं उष्टं झालं. दुसरी, चक्का भलताच आंबट होता.

तिने हात धुतले आणि हिशेब लावला. चक्का एवढाच होता. पुन्हा दही लावून टांगायचं तर उद्याची पूजा हुकणार. पातेल्यातलं देवाला चालणार नाही. पण डब्यातला पहिला थर बोट लागायच्या आधी पसरला होता. तो शुद्ध होता. आणि आंबट होता.

तिने उलथन्याने डब्याच्या कोपऱ्यातला टोस्ट थरासकट अलगद उचलला आणि स्टीलच्या वाटीत बसवला. वर आंबा, द्राक्षं, डाळिंब घातलं. कडेचा थोडा थर काढून त्यावर पसरला, पुन्हा फळं लावली. वाटी छान दिसत होती. मग तिने पिठीसाखरेचा डबा उघडला आणि चमचा भरला.

वर भुरभुरवली असती तर रात्रभरात मुरली असती. वाटी गोड झाली असती, गुरम्मांनी मान हलवली असती, सहा बायका आल्या असत्या. पण ही वाटी आंबट आहे हे तिला उष्ट्या बोटानेच सांगितलं होतं. न चाखता केली असती तर तिने साखर घातली नसती. तिने चमच्यातली साखर पातेल्यात ओतली, आणखी तीन चमचे घातले, उरलेल्या मिश्रणाने डबा भरला आणि दोन्ही फ्रिजात ठेवलं.

सोमवारी पूजा होईपर्यंत गुरम्मा पाणीसुद्धा पीत नसत. त्यांनी डाव्या तळहातावर लिंग घेतलं, विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं, डोळे मिटले. वाटी समोर होती. मग लिंग पुन्हा गळ्यात गेलं आणि त्यांनी वाटी मांडीवर घेतली.

पहिला चमचा तोंडात गेला. महेश्वरी दारात उभी राहून बघत होती. गुरम्मांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दुसरा गेला. चौथ्याला डावा डोळा किंचित बारीक झाला. त्यांनी वाटी संपवली, पाणी ओतलं, फिरवलं, प्यायल्या.

"झकास!" टेबलाशी बसून डब्यातलं खाणारा शरणबसव म्हणाला. "अव्वा, रबडीपेक्षा भारी हाय की नाही?"

गुरम्मांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. उठल्या, डब्यातून एक चमचा घेतला, तोंडात घोळवला.

"हे गोड हाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन् देवाचं?"

महेश्वरी दारातून आत आली.

"देवाला आंबट आन् तुमाला गोड? ह्यो कुटला न्याय गं?"

शरणबसवचा चमचा थांबला. महेश्वरीने सांगितलं. फोन, बोट, पातेलं, पहिला थर, साखरेचा चमचा, जसं घडलं त्या क्रमाने. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "क्लासात मला चाखावंच लागतं, अव्वा. न चाखता मला शिकवता येत नाही. आज लपवलं असतं, पण क्लास सुरू झाल्यावर काय केलं असतं?"

गुरम्मा पुन्हा खाली बसल्या. त्यांनी वाटीच्या तळाकडे पाहिलं. तो स्वच्छ होता.

"चमचा भरला व्हतास?"

"हो."

"आन् वाटीत न्हाय टाकलास."

"नाही."

"टाकला असतास तर मला कळलं बी नसतं." त्यांनी वाटी बाजूला ठेवली. प्रसादाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. तो विषय त्यांच्यापुरता संपला होता. "दही कवा टांगलंस?"

"शनिवारी रात्री आठला."

"कुटं?"

"नळाला."

"ह्या उन्हात? नळाला?" आवाज पहिल्यांदाच चढला. "माहेरी वळसंगला तुज्या आईनं हेच शिकवलं व्हय? दही लागलं की तासभर भाईर टांगायचं, पाणी सुटलं की फडक्यासकट फ्रिजात. चाळणीवर. मग चाखायची गरजच लागत न्हाय."

"बरं."

"बायका किती म्हनलीस?"

"सहा."

"त्यास्नी बी हे आधी सांग. आन् बोट घालायच्या आधी देवाची एक वाटी बाजूला काढायची. तितून पुढं तुमी चाखा न्हाय तर लोळा."

एक मे रोजी सहा बायका आल्या. फडकं रात्रभर फ्रिजात होतं. ते तिथे गुरम्मांनी स्वतः ठेवलं होतं. मिश्रण तयार झालं. ऋतुजा पुन्हा आली होती. तिने सवयीने पातेल्याकडे बोट नेलं तशी हॉलमधला शेंगांचा आवाज थांबला.

"वाटी काढली का?"

ऋतुजाने हात मागे घेतला. महेश्वरीने कपाटातून वाटी उतरवली.