चेलोच्या पायाखालची फळी

चेलो हे वाद्य दिसायला भारदस्त, पण त्याला पाय एकच. पोटातून खाली एक टोकदार लोखंडी सळई निघते. ती जमिनीत रोवायची, खुर्चीवर बसून वाद्य गुडघ्यांत धरायचं आणि वाजवायचं. सळई रुतली तर वादक राजा. सरकली तर मात्र अशी फजिती होते की बघणाऱ्यालाच कुठे तोंड लपवू असं होतं.

दोन बहिणींतल्या धाकटीची ही फजिती अठराव्या वर्षी झाली होती, आणि तीही आपल्याच गावच्या सभागृहात. वाद्यवृंदात जागा मिळवायची परीक्षा होती. चेलो एकदा सरकला, दोनदा सरकला, तिसऱ्यांदा तर गुडघ्यांतून सुटून पार मंचाच्या कडेला गेला. परीक्षकांनी चष्मे पुसले आणि पुढचं नाव पुकारलं. महिन्याभरात ती मिळेल त्या दूरच्या विद्यालयात शिकायला निघून गेली.

नंतर तिचं नाव झालं, आणि कसं! चाळीसेक शहरांत ती वाजवून आली. विमानात चेलोचं वेगळं तिकीट काढावं लागे. शेजारच्या आसनावर पट्टा बांधून बसलेल्या त्या सोबत्याच्या वाट्याचं जेवण ती हक्कानं मागून घेई. "त्याला भूक नाही, मला आहे," असं विमानातल्या पोरींना तोंडावर सांगे. पाच देशांत ती शिकवायची, आणि पाचही वर्गांच्या कपाटात एकेक करवत ठेवलेली असे. नवा विद्यार्थी गज तारेवर दाबायला लागला की बाई चेलो बाजूला ठेवायला लावायच्या आणि त्याच्या हातात करवत द्यायच्या. "काप ही फळी. ढकलू नकोस. हाताचं वजन दे, बाकी तिची ती जाते." दुपारपर्यंत वर्गात भुसा पडायचा आणि संध्याकाळपर्यंत गज सुटायचा. विद्यालयांचे प्रमुख कपाळाला हात लावायचे, पण तिचे विद्यार्थी सगळीकडे निवडले जायचे, त्यामुळे बोलणार कोण?

हे शहाणपण तिचं नव्हतं, बाबांचं होतं. बाबा सुतार. आणि ज्यांच्या करवतीवर पाच देशांतली पोरं शिकली, त्या बाबांनी लेकीला एकदाही सभागृहात बसून ऐकलं नव्हतं. तिकिटं पाठवली की निरोप यायचा, गुडघे दुखतात. पुढच्या वर्षी, हवा मानवत नाही. गावासमोर आपण त्यांचं नाक कापलं, ते त्यांनी मनात धरलंय, अशी धाकटीची पक्की समजूत होती. विचारायची मात्र छाती झाली नाही. हजार माणसांसमोर न घाबरणारी बाई, घरात मांजर.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. गावाला तिची आठवण व्हायला चौतीस वर्षं लागली. बोलावणं आलं तेव्हा तिनं बाकीच्या तारखा हलवल्या. एकच इच्छा होती: या खेपेला बाबा समोर बसले पाहिजेत.

तालमीला आली तर व्यवस्थापक फडकं घेऊन हजर.

"बाई, महिन्यापूर्वीच मंच घासून नवं पॉलिश केलंय. टोकदार काहीही टेकवायचं नाही, असा नियम आहे. ही घ्या रबरी चकती, सळईखाली ठेवा."

चकती पहिल्याच जलद भागात निसटली. पट्ट्यानं ती खुर्चीला बांधली, तर सरकणं थांबलं, पण आवाज घशात अडकल्यासारखा येऊ लागला. तालीम संपली, वादक जेवायला गेले आणि धाकटी रिकाम्या मंचावर एकटीच बसली. तिनं ताईला फोन लावला.

"ताई, पुन्हा सरकतोय गं. तीच जागा, तोच मंच. आणि इथल्या व्यवस्थापकाला एक भोक पाडू द्यायचं जिवावर आलंय!"

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. मग ताई हळूच म्हणाली, "अगं, फोनचा आवाज मोठा ठेवला होता मी. बाबांनी ऐकलं. ताटावरून उठले ते. सुतारकामाची पेटी काढतायत."

अर्ध्या तासानं मागच्या दारातून बाबा आत आले. वय एक्क्याऐंशी, खांद्याला हत्यारांची पेटी. लेकीकडे बघितलंही नाही. व्यवस्थापक आडवा आला.

"आजोबा, तुम्ही कोण?"

"हा मंच कुणी बसवला, माहीत आहे का साहेब?"

"कागदांवर ठेकेदाराचं नाव आहे."

"ठेकेदारानं चहा प्यायला. फळ्या मी बसवल्या." बाबांनी खिशातून बोटाएवढी लाकडी खुंटी काढली. "याच लाकडाचा उरलेला तुकडा जपून ठेवला होता. आज भोक पाडतो, नंतर ही ठोकून बुजवतो. कुठे होतं ते तुम्हाला भिंगातून बघूनही सापडणार नाही."

व्यवस्थापक खुंटीकडे बघत राहिला. "कार्यक्रम संपला की लगेच बुजवायचं," एवढं बोलून तो बाजूला झाला.

दुखरे गुडघे टेकून बाबा बोटाच्या पेरानं फळ्या ठोकत सरकू लागले. टकटक करायचे, कान द्यायचे.

"इथे खाली तुळई आहे. मुकी जागा." पुन्हा टकटक. "ही जरा बरी." मग एका फळीवर थांबले, दोनदा ठोकलं. "ही बोलते. इथे खुर्ची घे."

धाकटी बघतच राहिली. आवाज कुठून उमटेल हे शोधायला ती जगभर मंचांवर खुर्ची सरकवत असे. बाबा नुसत्या बोटानं तेच करत होते.

बाबांनी भोक पाडायचं गिरमिट काढलं, टोक फळीवर धरलं आणि फिरवायला लागले. मान खालीच होती.

"त्या दिवशी मेण मी घासलं होतं."

"कुठलं मेण?"

"परीक्षेच्या आदल्या दिवशी. म्हटलं, आपली पोर मोठ्या माणसांपुढे बसणार, तिच्या पायाखाली मळकी फळी नको. तीन हात चढवले. ती सळई घसरेल, हे मला काय ठाऊक? घरी तू पोत्यावर रोवून बसायचीस." गिरमिट थांबलं. "या मागच्या दारातून सगळं बघितलं मी. म्हटलं, आपली सावलीच नको हिच्या वाजवण्यावर."

धाकटीला आधी रागच आला, खरा सणसणीत राग. "चौतीस वर्षं! चौतीस वर्षं मला वाटतंय, मी तुमचं नाक कापलं म्हणून तुम्ही येत नाही!"

"माझं नाक?" बाबांनी पहिल्यांदा वर बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. "अगं, तुझ्या बातम्या कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवल्यात. बघ हवं तर."

तिनं झाकण उचललं. झाकणात अडकवलेल्या करवतीमागे तिचाच फोटो होता, भुशानं माखलेला. ती तिथेच फळीवर बसली आणि बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग नाक पुसत म्हणाली, "इथे पास झाले असते ना बाबा, तर जन्मभर याच मंचावर मागच्या रांगेत बसले असते. उपकार झाले तुमच्या मेणाचे."

भोक झालं. बाबांनी भुसा फुंकला, हत्यारं पेटीत भरली. "काम झालं. निघतो."

"असे कसे निघता? खुर्ची केली की बसून बघितल्याशिवाय कधी कुणाला दिलीत?"

"नाही."

"मग हे काम संध्याकाळी कळेल. तिसरी रांग, मधली जागा."

बाबांनी पेटी खाली ठेवली. स्वतःच्याच नियमात सापडले होते.

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. धाकटीनं सळई भोकात टेकवली. ती हललीसुद्धा नाही. पहिला खर्जाचा सूर निघाला तो फळीतून, तुळयांतून सगळ्या मंचावर पसरला. मागचे वादक चमकून तिच्याकडे बघू लागले. या मंचाला एवढा आवाज आहे, हे रोज वाजवूनही त्यांना कळलं नव्हतं. जलद भागात तिनं मागेपुढे बघितलं नाही. अठरा वर्षांच्या ज्या पोरीला इथून उठवलं होतं, तिच्या वाटणीचंही ती वाजवून गेली. संपलं तेव्हा अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. धाकटीनं गजानं आधी पायाखालची फळी दाखवली, मग तिसरी रांग. बाबा उठायला बघत होते, गुडघे उठू देत नव्हते, शेजारच्या दोघांनी त्यांना हात दिला.

माणसं पांगल्यावर बाबा हातोडी आणि खुंटी घेऊन मंचावर आले. व्यवस्थापकही मागोमाग आला.

"कसं वाटलं, बाबा?"

"चांगलं." जरा थांबून म्हणाले, "शेवटच्या भागात दोनदा करवत ढकललीस."

धाकटी खो खो हसत सुटली. दोनदाच ढकलली होती, आणि ते तिच्याशिवाय कुणाच्याही लक्षात आलं नसेल अशी तिची खात्री होती.

"उद्या नाही ढकलणार."

"उद्याही आहे?"

"उद्याही आहे."

बाबांनी व्यवस्थापकाकडे बघितलं. व्यवस्थापक छताकडे बघत राहिला. बाबांनी खुंटी परत खिशात टाकली आणि विचारलं, "किती वाजता यायचं?"