पुस्तकातली भिंगरी

पुस्तकांचं पार्सल आलं तेव्हा तिच्या एका खांद्यावर बाळ होतं आणि दुसऱ्या हातात दुधाची बाटली. दोरी तिने सरळ दातांनी तोडली. कात्री शोधायला कुणाला धीर होता!

मुलांसाठीचं तिचं पहिलं पुस्तक. गोष्टही तिची, चित्रंही तिचीच. बाळ झोपलं की टेबलाशी, उठलं की पाळण्याशी, अशी चोरूनमारून रंगवलेली.

गोष्ट साधीच होती. दूरदेशाहून एक मुलगी इमारतीत राहायला येते, तिची भाषा कुणाला ओ की ठो कळत नाही, आणि तरी बघता बघता जिन्यातल्या पोरांचा खेळ तिच्यावाचून अडायला लागतो. ही मुलगी काही कल्पनेतली नव्हती. ती समोरच्या दारात राहायची. तिचं खरं नाव कुणाच्या जिभेवर नीट बसेना, म्हणून या चित्रकार आईच्या थोरल्या लेकीने, ठमीने, तिला भिंगरी करून टाकलं होतं. भिंगरीने एकदा ठमीची सगळी पुस्तकं पालथी घातली आणि विचारलं, "काकू, माझ्यासारखी मुलगी कुठल्या पुस्तकात असते?"

काकूंनी पुस्तकच करायला घेतलं.

भिंगरीचा रंग गडद, तुकतुकीत. तो कागदावर उतरवताना जीव मेटाकुटीला आला. नुसता तपकिरी लावला की चेहरा मातीचा वाटायचा. मग त्यात जरासा निळा, गालांपाशी किंचित लाल. भिंगरी समोर स्टुलावर पाय हलवत बसायची आणि हुकूम सोडायची, "अजून काळं घाला काकू, कंजूषपणा नको!" जमलं तेव्हा दोघीही हुश्श करून हसल्या होत्या.

आता तिने पान उघडलं. जिन्यात पाच पोरं बसलेली. पाचही गोरीगोमटी, गुलाबी गालांची. एकाच साच्यातून काढलेली.

तिने पुढचं पान पाहिलं. त्याच्या पुढचं. दुसरी प्रत काढली, तिसरी काढली. सगळीकडे तेच.

छापखानेवाल्या काकांनी फोन उचलला तो खुशीतच. "मिळाली का पुस्तकं, ताई? कशी झाली?"

"काका, ती मुलगी... नवीन आलेली मुलगी. तिचा रंग कुठे गेला?"

"आलं का लक्षात? म्हटलं होतं मी, ताईंची नजर बारीक आहे!" काका हसले. "अहो, मशीनवर लावायच्या आधी बघतो तर एकच पोर काळवंडलेली. बाकीची चार स्वच्छ. म्हटलं शाई चढली कुठेतरी. दुपारभर बसून पानापानावर निस्तरली."

"पण मला विचारायचं तरी..."

"विचारणारच होतो. पण तुमच्या घरून कळलं, बाळाला ताप आहे, तुम्हाला डोळ्याला डोळा नाही. म्हटलं कशाला त्रास द्यायचा लेकुरवाळीला? तुमच्यासारखी माझी सून आहे, ताई. बरं आहे ना आता बाळ?"

"बरं आहे," ती म्हणाली. चिडायला तोंडच नव्हतं. पोटच्या पोरीसारखं सांभाळून घेतलं होतं त्यांनी.

प्रकाशकबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अगं, वाईट झालं खरं. पण पुस्तकं शाळांकडे रवानाही झाली. आणि गोष्ट तर तीच आहे ना? वाचणाऱ्याला काय कळणार आहे? पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"पुढची आवृत्ती निघेपर्यंत भिंगरीची लेक शाळेत जाईल."

"कोण भिंगरी?"

तिने फोन ठेवला.

निदान एक प्रत तरी, असं म्हणून तिने रंग काढले. तपकिरी, त्यात जरासा निळा. पण कागद गुळगुळीत, चकचकीत. रंग त्यावर ठरेना. थेंब गोळा होऊन घरंगळायचे, जसे अळवावरून पाणी. तिने ब्रश कोरडा करून पाहिला, बोटाने चोपडून पाहिलं. मुलीच्या तोंडावर चिखल उडाल्यासारखं दिसायला लागलं. ते पान तिने ओल्या फडक्याने पुसलं, आणि पुन्हा तोच गुलाबी गाल वर आला, जरासुद्धा डाग न पडता.

तोवर ठमीने जिन्यात आरोळी ठोकलीच होती. "भिंगरे, पुस्तक आलं! तुझं पुस्तक!"

भिंगरी धावत आली. मागोमाग तिची आई, शिवणकाम टाकून, गळ्यातली टेप तशीच. आपली मुलगी पुस्तकात येणार हे तिने कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं होतं.

भिंगरी जमिनीवर मांडी घालून बसली. पान नीट सपाट केलं. बराच वेळ पाहिलं.

"काकू, ही कोण?"

"ती... तूच गं."

"नाही. हिने माझा फ्रॉक घातलाय."

"वेडी की काय!" ठमी खेकसली. "तूच आहेस ती. दात पण पडलाय बघ, तुझ्यासारखा."

"फ्रॉक माझा. दात माझा," भिंगरी हळूच म्हणाली. "मग तोंड हिचं का?"

तिच्या आईने वाकून चित्र पाहिलं, आणि सरळ होताना लेकीच्या केसांवरून एकदा हात फिरवला. "छान आहे, ताई," ती म्हणाली. नवी भाषा ती जपून बोलायची, परक्या घरच्या कपबश्या धरतात तशी. "खूप मेहनत. खूप छान."

"अहो, मी असं काढलं नव्हतं. छापताना..."

"हो, हो. छान आहे." ती हसली. ते हसू सवयीचं होतं.

भिंगरीचं लक्ष नव्हतं. ती पानं उलटत होती, अगदी शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी बोट ठेवून, सावकाश.

"काकू," तिने मान वर न करता विचारलं, "ही तिच्या घरी गेली की मग मी येते का?"

आत बाळ गाढ झोपलेलं होतं. तरी काकू उठल्या आणि त्याला घ्यायला गेल्या.