कवदरीचा घड

मखमलाबादच्या वीस गुंठ्यांत झुंबरअण्णांनी तीस वर्षं खपून सत्तावीस जातींच्या केळी जमवल्या होत्या, आणि आता त्या सगळ्यांचा त्यांना वीट आला होता. एका पाहुण्याचं कुणीही करेल, सत्तावीस पाहुण्यांचे सत्तावीस नखरे कोण सांभाळणार? वसईची राजेळी काळ्या जमिनीत रुसून बसायची, म्हणून तिच्या खड्ड्यात कोकणातून आणलेली लाल माती. केरळच्या नेंद्रनला नाशिकची थंडी सोसायची नाही, तिचा घड खोडाच्या शेंड्यातल्या पोंग्यातच अडकायचा, म्हणून तिला गोणपाटाचे अंगरखे. उन्हाळ्यात वारा पानांच्या चिंध्या करायचा, म्हणून बांधाला शेवरीच्या झाडांची आडभिंत. हे सगळं अण्णांनी हौसेनं केलं. आता दोन्ही गुडघे गेले होते, आणि हौस कधी गेली ते त्यांनाही कळलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांनी आवरायला घेतलं. मुलगी तेजल पुण्याला बोलावत होती आणि पत्नी साधनाबाई तर पेट्या बांधून तयार होत्या. केळीचं एक बरं असतं. बुडाशी मुनवे फुटतात, मुनवा खणून दिला की जात दुसऱ्याच्या बांधावर जगते. सटाण्यापासून पेठपर्यंत ज्यानं मागितलं त्याला अण्णांनी मुनवे दिले. सव्वीस जाती मार्गी लागल्या. उरली एकटी कवदर.

कवदर म्हणजे डोंगरकड्यावरची रानकेळ. तिला मुनवे फुटत नाहीत. आयुष्यात एकदाच घड धरते आणि मरते. मागे राहतात त्या फक्त बिया. नऊ वर्षांपूर्वी अण्णा सुरगाण्याच्या एका पाड्यावर गेले होते, तेव्हा तिथल्या भागीबाईनं त्यांच्या हातावर तीन बिया ठेवल्या. एक उगवली. मुरूम आणि दगडगोटे रचून अण्णांनी तिला खोटा कडा करून दिला. भागीबाई दर हिवाळ्यात द्राक्षबागेच्या कामाला इकडे यायची, आणि आली की रविवारी झाडाला भेटून जायची. अण्णांना भेटायला नव्हे, झाडाला.

गेल्या वर्षी ती म्हणाली, "अण्णा, आमच्या कड्यावं आता एकबी नाय. मुतखड्यावं औषध म्हणून बिया इकायला पोरांनी समदं तोडलं. तुझ्याला घड आला का बिया मला दे. पावसाळ्यात कड्यावं टाकीन."

तिच्या बोलण्यात अहोजाहो नसे. अण्णांनी शब्द दिला, आणि यंदा श्रावणात कवदरीनं घड धरला. साधनाबाईंनी विचारलं, "अहो, मग निघायचं कधी?" अण्णा म्हणाले, "बिया भागीबाईच्या पदरात टाकल्या की त्याच दिवशी." एवढं एकच काम राहिलं होतं.

मग थंडीची लाट आली. निफाडला पारा पाचावर उतरला, बागायतदारांनी द्राक्षाच्या सऱ्यांत शेकोट्या पेटवल्या. सकाळी अण्णा लंगडत कवदरीपाशी गेले. पानं दरवर्षीसारखी पावसाळा सरताच झडली होती, आणि बोडक्या खोडावर घड तेवढा लोंबत होता. त्यांनी एक फळ चाचपून पाहिलं. कंगोरे बुजले होते, गोलाई आली होती. थंडीनं घड काळा पडला की गेला, हे त्यांनी नेंद्रनच्या वेळी दोनदा भोगलं होतं. तिसऱ्यांदा भोगायचं त्राण नव्हतं. त्यांनी कोयता आणला, घड उतरवला, पेंढ्याची अढी घातली आणि वर गोणपाट टाकलं. बरं वाटलं. कित्येक दिवसांनी ते दुपारी गाढ झोपले.

रविवारी भागीबाई आली. खोडावर घड नाही हे पाहून जागीच थांबली.

"घड कुठं हाय?"

"अढीत. चांगला जपलाय," अण्णा कौतुकानं म्हणाले.

तिनं पेंढा बाजूला केला, एक फळ घेतलं आणि अंगठ्यानं फोडलं. आत पांढरा, पाणचट गर होता आणि त्यात तशाच पांढऱ्या, मऊ बिया. नखानं दाबल्या की फुटत होत्या. तिनं दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. मग मांडी घालून बसली आणि एकेक करत अख्खा घड फोडला. पिकलेली काळी, टणक बी एकही निघाली नाही.

"अढीत पिकतील ना?" अण्णांनी विचारलं. विचारतानाच त्यांना उत्तर कळलं होतं. अढीत गर पिकतो, बी नव्हे. केळ झाडावर पिकू द्यायचं नसतं, गोलाई आली की उतरवायचं, हे हातात इतकं मुरलं होतं की हातानं डोक्याला विचारलंच नाही.

"आमी कवा कापतच नाय," भागीबाई म्हणाली. "उन्हाळ्यात पिकून आपसूक पडतंय. माकडं खातात, बी सांडतात."

अण्णा मटकन दगडावर बसले. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. "मी राखायला गेलो गं."

"तेच तं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पोरांनी इकायला तोडलं. तू राखायला तोडलं. कडा बोडकाच."

मग भागीबाईनं लुगड्याला हात पुसले आणि कोयता मागितला. "खोड आता सडंलच. आतला गाभा कोवळा हाय. कांदा हाय का घरात?"

तिनं खोड तोडून त्यावरचं एकेक सोपट सोलून काढलं. आतून हाताएवढा पांढरा दांडा निघाला. साधनाबाईंच्या ओट्याशी उभं राहून तिनं तो बारीक चिरला, ताकात बुडवून ठेवला आणि कांद्यावर परतला. तिघं स्वयंपाकघरात फरशीवरच बसली.

अण्णांनी पहिला घास घेतला. भाजी किंचित तुरट होती. नऊ वर्षं हे झाड त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं, पण खायला कसं लागतं हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"आणखी वाढू का?" साधनाबाईंनी विचारलं.

अण्णांनी ताट पुढे केलं. भागीबाईनं कढई पुसून उरलेलं सगळं त्यांनाच वाढलं.